डोंगरातलं जुनं घर दुरुस्त करताना : लाकूड, चुना, माती आणि सगळ्यात आधी पाणी

डोंगरातलं घर वारशाने हाती आलं की बहुतेक जण आतून रंग कुठला द्यायचा, खिडक्या केवढ्या करायच्या, याचा विचार करू लागतात. तो विचार निदान वर्षभर बाजूला ठेवा, असं मी कळकळीने सांगेन. जुनं डोंगरघर दगड, लाकूड, माती आणि चुन्याचं असतं. या चारही गोष्टी ओल धरतात आणि पुन्हा वाळतात. घर इतकी वर्षं टिकलं ते लागलेली ओल दरवेळी निघून गेली म्हणून. दुरुस्तीत वाळण्याची ही वाट बुजली की घर आतल्या आत कुजू लागतं, आणि बाहेरून मात्र काही वर्षं छान दिसत राहतं. त्यामुळे प्रत्येक कामाच्या आधी विचारायचं ते एवढंच : पाणी कुठून येतं आणि कुठून जातं?

आधी घरच्यांशी बोला

घर कागदावर एकाचं आणि जीव सगळ्यांचा, असं बऱ्याचदा असतं. खर्च कोण किती उचलणार आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे काम सुरू होण्याआधी लिहून काढा. त्याच बैठकीत काय काढायचं नाही त्याची यादी करा : दाराची जुनी कडी, धुराड्याशेजारचा बाक, ओंडक्यावर कोरलेली कुणाची तरी आद्याक्षरं. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की पावसात भांडं कुठे ठेवावं लागायचं, थंडीत कुठली खोली बंद ठेवायचे, घरामागे पूर्वी चर होता का. ही माहिती कुठल्याही तपासणी अहवालात मिळत नाही. छप्पर, बाहेरच्या भिंती किंवा घराचा सांगाडा बदलायला परवानगी लागते का, तेही याच वेळी विचारून घ्या.

बंद घर उघडताना

बराच काळ बंद राहिलेल्या घरात उंदीर असतात असंच धरून चाला. काही प्रदेशांतल्या उंदरांच्या लेंड्या आणि मूत्र यांतून हंटाव्हायरस पसरतो, आणि तो मुख्यतः उडालेल्या धुळीवाटे श्वासात जातो. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात २०१२ साली १० जणांना त्याची लागण झाली आणि ३ जण दगावले. त्यांतले बहुतेक जण ज्या तंबूघरांत राहिले होते, त्यांच्या दुहेरी भिंतींच्या पोकळीत उंदरांनी घरं केली होती. म्हणून आल्या आल्या झाडू हातात घेऊ नका आणि व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका. दारं-खिडक्या उघडून निदान अर्धा तास बाहेर थांबा. मग हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण लेंड्यांवर चांगलं भिजेपर्यंत फवारा, पाच मिनिटं थांबा आणि कागदाने पुसून घ्या.

छपरावर किंवा भिंतीला जुने राखाडी सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे फुफ्फुसांना घातक अशा तंतूंचे असू शकतात. तपासून घेईपर्यंत ते कापू नका, त्यांना भोक पाडू नका, घासू नका. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, त्यामुळे तो कोरडा घासणंही टाळा. या दोन गोष्टींत हौशी माणसाने हात घालू नये. हे काम परवाना असलेल्यांकडेच द्या.

टोच्या, टॉर्च आणि वही

पाहणीला महागडी उपकरणं लागत नाहीत. लाकडाची ओल मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर उत्तमच. नाहीतर टोच्या घ्या आणि घराला खालून वर असं फिरा. निरोगी लाकडात टोच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाऊन अडतो आणि काढताना लाकूड तो धरून ठेवतं. कुजलेल्या लाकडात तो सहज सेंटिमीटरभर आत जातो, बाहेर येताना अडखळत नाही आणि टोकाला तपकिरी भुगा चिकटतो. वरून रंग अगदी शाबूत असला तरी आत हे चाललेलं असतं, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका.

कूज बहुधा ठरलेल्या जागी सापडते : दगडी जोत्यावर टेकलेला भिंतीचा सगळ्यात खालचा ओंडका, खिडकीच्या चौकटीची खालची पट्टी, दोन पाखी मिळतात त्या कोनाखालचे वासे, धुराडं छपरातून बाहेर पडतं ती जागा, डोंगराच्या बाजूची मागची भिंत आणि जिथे वर्षानुवर्षं सरपण भिंतीला टेकवून रचलं जातं तो कोपरा. प्रत्येक जागेचा फोटो काढा, वहीत नकाशावर खूण करा. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात.

बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा ताजा भुगा दिसला तर अळी अजून आत आहे. भोकं काळवंडलेली आणि भुगा अजिबात नाही, असं असेल तर अळी कधीचीच निघून गेलेली असण्याची शक्यता जास्त. खात्री करायची तर खाली काळा कागद पसरा आणि उन्हाळा जाऊ द्या.

भिंतींना गेलेले तडे रुंदावत आहेत का, तेही पाहायला हवं. तड्यावर आडवी पेन्सिलरेघ मारा, दोन्ही टोकांना खुणा करा, त्यांतलं अंतर मोजून तारीख लिहा आणि ऋतू पालटल्यावर पुन्हा मोजा. अंतर वाढत असेल तर कुठलंही काम सुरू करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

पाणी वाटेला लावा

उतारावरच्या घराला पाणी दोन बाजूंनी गाठतं. वरून पाऊस-बर्फ, आणि मागून डोंगरातून झिरपणारं पाणी. दुसरं जास्त घातक, कारण ते दिसत नाही.

घराभोवतीची जमीन भिंतीपासून दूर उतरती हवी. पहिल्या ३ मीटरांत १५ सेंटिमीटर उतार पुरेसा असतो. वर्षानुवर्षं पालापाचोळा आणि वाहून आलेली माती साचून मागची जमीन बऱ्याचदा जोत्याच्याही वर चढलेली असते. ती आधी खाली घ्या. लाकडाची सुरुवात जमिनीपासून निदान २० सेंटिमीटर वर असली पाहिजे. कित्येकदा एवढं फावडंकाम झालं की आतली ओल महिन्या-दोन महिन्यांत कमी झालेली जाणवते.

मग घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून थोडं दूर, चर खणा. त्यात गाळणीचं कापड अंथरा, भोकांचा पाइप १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार देऊन ठेवा, वर धुतलेली खडी भरा आणि कापड दुमडून झाका. पाइपचं दुसरं टोक घराला वळसा घालून उताराच्या बाजूला उघड्यावर निघायला हवं. जुन्या घरांचा पाया उथळ असतो, त्यामुळे भिंतीलगत पायाच्या तळापेक्षा खोल कधीच खणू नका. पायाखालची माती सुटली तर भिंत बसते.

छपराला पन्हळ असेल तर ती साफ करा. नसेल तर पागोळ्या जिथे पडतात तिथे खडीचा पट्टा करा, म्हणजे चिखल उडून भिंतीला लागणार नाही.

छप्पर

घरातलं एकच काम यंदा होणार असेल तर ते छपराचं असू द्या. आधी बोजाचा विचार करा. बसका झालेला बर्फ घनमीटरला २०० ते ३०० किलो भरतो, म्हणजे मीटरभर थर साचला तर प्रत्येक चौरस मीटरवर तेवढं वजन. पत्रे काढून दगडी पाट्या किंवा मातीचा थर घालायचा विचार असेल तर वासे आणि आढं ते पेलतील का, हे इंजिनिअरकडूनच तपासून घ्या.

लाकडी कौलं लावायची तर ती करवतीने कापलेली असण्यापेक्षा नसेच्या दिशेने फोडलेली बरी. फोडलेल्या कौलात लाकडाचे तंतू अखंड राहतात आणि पाणी त्यांच्यावरून घसरतं, कापलेल्यात तंतूंची तोंडं उघडी पडून पाणी मुरतं. लार्च, देवदार, ओक, चेस्टनट ही यासाठी जुनी, खात्रीची झाडं. थर असे चढवा की कुठल्याही बिंदूवर तीन कौलं एकावर एक येतील. खिळे मात्र स्टेनलेस स्टीलचे किंवा तांब्याचे घ्या. ओक आणि चेस्टनटमधलं टॅनिन साध्या लोखंडी खिळ्यांना खातं, मग कौल शाबूत आणि खिळा गेला अशी गत होते. कौलांखाली हवा खेळायला वाव ठेवा. कौलं दोन्ही बाजूंनी वाळली तरच टिकतात.

कुजलेल्या ओंडक्याला नवा तुकडा

सुताराला तुळईचं एक टोक कुजलेलं दाखवलं की अख्खी तुळई बदलण्याचा सल्ला मिळू शकतो. माझा आग्रह आहे की आधी तुकडा जोडता येतो का पाहा. कुजलेला भाग संपून निरोगी लाकूड लागतं, तिथून आणखी थोडं आत जाऊन तिरका काप घ्या. सांध्याची लांबी तुळईच्या जाडीच्या निदान दुप्पट-तिप्पट ठेवा. नवा तुकडा त्याच जातीच्या लाकडाचा, शक्यतो गाभ्याचा आणि जुन्याइतकाच वाळलेला असावा. ओलं लाकूड बसवलं तर ते नंतर आक्रसून सांधा उघडा पडतो. उघड्यावर रचलेल्या फळ्यांना दर २५ मिलिमीटर जाडीमागे साधारण वर्षभर वाळायला लागतं, हे हिशेबात धरून लाकूड आधीच आणून ठेवा. सांध्याला कठीण लाकडाच्या खुंट्या मारा.

खालचा ओंडका बदलताना वरची भिंत जॅकवर तोलावी लागते. इथे घाई जिवावर बेतते. अनुभवी सुतार सोबत असल्याशिवाय जॅकला हात लावू नका, आणि ओंडका सुटा होईल इतकंच, मिलिमीटरच्या हिशेबाने उचला. नवा ओंडका आणि दगड यांच्यामध्ये ओल वर चढू न देणारा थर हवा. भूर्जाची साल यासाठी पूर्वापार वापरली जाते. ओंडक्यांमधल्या फटी लोकर, शेवाळ किंवा तागाच्या तंतूंनी ठासून भरा. सिलिकॉनने त्या बुजवू नका. ओंडके ऋतूप्रमाणे फुगतात-आक्रसतात, सिलिकॉन एका कडेने सुटतं आणि मागे पाणी अडकून राहतं.

दगडी भिंत आणि चुना

दगडी भिंतीवर कुणीतरी मध्ये कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला असतो. सिमेंट कडक असतं, भिंत थोडी हलली की त्याला बारीक तडे जातात, त्यांतून पाणी आत जातं आणि सिमेंटमागे कोंडून राहतं. मग ते आतल्या बाजूने बाहेर पडतं, लोणा फुटतो, आणि आपण आतून आणखी एक थर चढवतो. ही साखळी तोडायला सिमेंट काढावंच लागतं. छिन्नी तिरकी धरून हलक्या हाताने काढा. जिथे दगडाचा पापुद्रा निघू लागेल तिथे थांबा. काढल्यावर भिंतीला एक अख्खा कोरडा ऋतू वाळू द्या.

चुना दोन प्रकारचा मिळतो आणि फरक समजून घेतल्याशिवाय घेऊ नका. मुरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. हा आतल्या भिंतींना आणि आडोशाच्या जागी. दुसरा हायड्रॉलिक चुना, जो पाण्यानेही घट्ट होतो. बाहेरच्या, पावसाचा मारा असलेल्या भिंतींना तो बरा. बाजारात तो २, ३.५ आणि ५ अशा प्रतींत येतो. बहुतेक जुन्या भिंतींना ३.५ पुरतो. ५ फार कडक होतो, मऊ दगडाला तो नकोच.

कळीचा चुना स्वतः विझवायचा असेल तर पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. मिश्रण उकळू लागतं आणि शिंतोडे उडतात. चष्मा आणि लांब हातमोजे घातल्याशिवाय जवळ जाऊ नका. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा आणि डॉक्टर गाठा. विझवलेला चुना वर पाणी ठेवून निदान तीन महिने मुरू द्या. नवख्याने तयार मुरवलेला चुना विकत घेतला तर त्यात काहीच कमीपणा नाही.

प्रमाण साधं आहे : एक भाग चुना, तीन भाग स्वच्छ भरड वाळू. मळताना गोळा कोरडा वाटतो आणि पाणी घालावंसं वाटतं. घालू नका, मळत राहा, थोड्या वेळाने तो आपोआप मऊ होतो. थापीवर घेऊन थापी उलटी केली आणि मिश्रण चिकटून राहिलं, की झालं. आदल्या दिवशी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा शिंपडा. दगडांमधल्या सांध्यांच्या फटी दोन-तीन सेंटिमीटर खोल कोरून आधी त्या भरा. मग साधारण १० मिलिमीटरचा पहिला थर जोराने फेकून मारा, म्हणजे तो भिंतीला पकडतो. त्यावर नागमोडी ओरखडे काढा. नखाने दाबून खूण उमटते पण बोट रुतत नाही, अशा वेळी लाकडी रंध्याने पुन्हा घासा, आक्रसून पडलेल्या चिरा बुजतात. पुढचे काही दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवा. ऊन आणि वारा लागून थर झपाट्याने वाळला तर तो घट्ट न होता भुसभुशीत राहतो.

डोंगरातली अडचण थंडीची. उंची दर १०० मीटरनी वाढली की तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं, त्यामुळे मोसम सपाटीपेक्षा आखूड असतो. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर चुन्याचं काम करू नका, आणि पाणी गोठवणारी पहिली थंडी पडायच्या कित्येक आठवडे आधी बाहेरचं काम संपवा. ओला चुना गोठला तर फुगून पडतो.

आतला मातीचा गिलावा

नवख्याने पहिलं काम म्हणून हे घ्यावं, कारण माती चूक सुधारू देते. थर बिघडला तर ओला करा, काढा, मळा, पुन्हा लावा. माती वरच्या काळ्या थरातली घेऊ नका. त्याखालची, मुळं-पाला नसलेली घ्या. काचेची बरणी एक तृतीयांश मातीने भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खळाखळा हलवा आणि ठेवून द्या. वाळू काही क्षणांत तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दिवसभराने किंवा त्याहून उशिरा. थरांवरून अंदाज येतो. मग एक भाग मातीला एक, दोन आणि तीन भाग वाळू असे नमुने भिंतीवरच लावून वाळवा. चिरा पडल्या तर चिकणमाती जास्त, हात फिरवल्यावर वाळू झडली तर कमी. बारीक चिरलेला पेंढा घातला की थराला ताण सोसतो. न्हाणीघरात किंवा पाणी थेट उडतं तिथे माती नको, तिथे चुनाच.

ऊब

आधी छत, मग जमीन, मग भिंती. लोकर आणि लाकडी तंतूंचे बोर्ड यांची उष्णता अडवण्याची ताकद काचलोकरीच्या जवळपास जाते. लोकरीचा मोठा गुण म्हणजे वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी ओल ती धरते आणि हवा कोरडी झाली की सोडते. कसरीपासून बचावाची प्रक्रिया केलेली लोकरच घ्या.

थर लावताना आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा बाष्प जास्त अडवणारी हवी, साधारण पाचपट. आतली उबदार दमट हवा भिंतीत शिरली आणि बाहेर पडू शकली नाही तर ती थंड थराशी पाणी होऊन बसते. दगडी भिंतीला आतून जाड थर चढवण्याच्या मी विरोधात आहे. भिंत बर्फासारखी गार पडते आणि तिच्यात टेकलेली तुळयांची टोकं कुजतात. चुना-हेम्प (भांगेच्या झाडाचं खोड) मिश्रणाचा किंवा लाकडी तंतूंचा पाच-सहा सेंटिमीटरचा थर भिंतीला पूर्ण चिकटवून लावला तर पुरेसा आधार मिळतो.

उंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतात. प्रत्येक हवाझरोक्याला त्याहून बारीक धातूची जाळी ठोका, आणि हे उष्णतारोधक थर भरण्याआधी करा.

जुन्या खिडक्या शक्यतो ठेवा. जुन्या तावदानांचं लाकूड बहुधा दाट असतं. निखळलेल्या काचेला जवसाच्या तेलाची लांबी (पुट्टी) भरा आणि आतून दुसरं तावदान बसवा.

घट्ट केलेल्या घरात दोन गोष्टी तपासाच. ग्रॅनाइटच्या डोंगरांत जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू येतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस घनमीटरला १०० बेकरेलच्या आत राहण्याची आहे, आणि तो मोजायचा संच स्वस्त असतो. दुसरी, शेगडी. धुराडं दरवर्षी साफ करून घ्या, २० टक्क्यांहून ओलं सरपण जाळू नका, कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा लावा, आणि धुराड्यापासून लाकडाचं अंतर शेगडीच्या पुस्तिकेत दिलंय तेवढं मोजून ठेवा.

तेल आणि डांबर

बाहेरच्या लाकडाला जवसाचं तेल किंवा पाइनचं लाकडी डांबर. नॉर्वेतलं बोर्गुंडचं चर्च बाराव्या शतकाच्या अखेरीचं, सगळं लाकडी. दगडावर उचललेला सांगाडा आणि पुन्हा पुन्हा दिलेलं डांबर यांच्या जोरावर ते उभं आहे. तेलाचा हात पातळ द्या आणि न मुरलेलं तेल पुसून काढा. जाड थर वरून सुकतो आणि खाली चिकट राहतो.

तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्यांतून उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेट घेतो. प्रत्येक फडकं बाहेर सपाट पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

घर बंद करून निघताना

नळाचं पाणी मुख्य झडपेशी बंद करा, सगळ्या तोट्या उघडून नळ रिकामे करा, बेसिनखालच्या वाकणातलं पाणीही काढा. सरपण भिंतीपासून हातभर दूर रचा. पन्हळीतला पाला काढा. अंथरुणं तारेवर टांगा किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवा, कपाटांची दारं उघडी सोडा, आणि समोरासमोरचे दोन जाळीचे झरोके उघडे राहू द्या.